प्रकल्प नोंदी: काटेरी शेपटीच्या घोरपडींची जोडी लावताना

ठिकाण मेलबर्न. प्रजाती व्हॅरॅनस ॲकॅन्थुरस, म्हणजे उत्तर ऑस्ट्रेलियाच्या खडकाळ, कोरड्या मुलखातली काटेरी शेपटीची घोरपड; पाळणाऱ्यांच्या तोंडी ‘ॲकी’. नर क्र. ३ : वय अडीच वर्षं, वजन १४८ ग्रॅम, शेपटीसकट ५६ सेंमी. मादी क्र. ७ : वय पावणेदोन वर्षं, वजन ११२ ग्रॅम. दोन्ही लाल रंगाच्या प्रकारातले, दोन्ही बंदिवासातच जन्मलेले, राज्याच्या वन्यजीव परवान्याखाली नोंदलेले. इथला जून म्हणजे ऐन हिवाळा, हे तारखा वाचताना ध्यानात ठेवावं.

भारतात यातलं काहीही घरी करता येत नाही. तिथल्या घोरपडींच्या चारही जाती वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहेत. पकडणं, बाळगणं, विकणं हे सगळं गुन्ह्यात मोडतं. या नोंदी तिकडे वापरायच्या तर त्या प्राणिसंग्रहालयातल्या लोकांनी.

१२ मे २०२३

मादीचं ९० दिवसांचं विलगीकरण संपलं. विष्ठा तीनदा तपासली. पहिल्या नमुन्यात पिनवर्म या आतड्यातल्या जंताची अंडी होती, पशुवैद्यांनी औषध दिलं, पुढचे दोन नमुने स्वच्छ आले. अंगावर माइट्स (रक्त पिणारे बारीक किडे) नाहीत. विलगीकरणाच्या काळात जमीन म्हणून फक्त कागदी टॉवेल अंथरला होता. मातीवर विष्ठा सापडत नाही, आणि सापडली तरी तिच्यात मातीतले जीव मिसळलेले असतात.

नर-मादी पुन्हा एकदा तपासले. नराच्या गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंना टोकदार खवल्यांचे झुबके ठळक दिसतात. बोट शेपटीकडून पुढे फिरवलं की खरखर लागते. मादीत तेच खवले आहेत, पण बसके. डोकं नराचं रुंद, जबड्याच्या मागे फुगीर. एवढ्यावर पूर्ण भरवसा ठेवू नये. लिंगाची जोडी बाहेर आलेली दिसली म्हणून नर, असंही धरू नये. घोरपडीच्या मादीलाही तशीच लहान जोडी असते आणि विष्ठा टाकताना ती क्षणभर बाहेर डोकावते. (नराचा हाच वाळवलेला अवयव भारतात ‘हत्ता जोडी’ नावाने झाडाची मुळी म्हणून विकला जातो. घरात कुणी धनलाभासाठी तिजोरीत ठेवली असेल तर ती मुळी नव्हे, मारलेल्या घोरपडीचा तुकडा असण्याची शक्यता मोठी आहे.)

२८ मे

पेटी उभी राहिली. आतून १८० × ७० सेंमी, उंची १२० सेंमी. मरीन प्लायला आतून तळ्याचं रबरी अस्तर. खालचे ४५ सेंमी बंद फळ्या, वर सरकती काच. छत बंदच. जाळीचं छत केलं तर गरम हवेबरोबर सगळा ओलावा उडून जातो, मग प्राणी आतून सुकतो, कात बोटांवर अडकून राहते आणि रक्त तुटून बोटं गळतात.

मातीचा थर ४० सेंमी. हिशेब आधी करावा : १८० × ७० × ४० म्हणजे सुमारे ५०० लिटर, आणि ओली माती लिटरला साधारण दीड किलो, म्हणजे साडेसातशे किलो. हे लाकडी मजल्यावर ठेवायचं काम नाही, तळमजल्यावर, काँक्रीटवर. पुढची फळी मधोमध फुगते, म्हणून पुढून मागे लोखंडी पट्टीचा ताण दिला आहे.

मिश्रण तीन भाग पोयट्याची माती, दोन भाग जाड वाळू. नुसत्या वाळूत बीळ टिकत नाही, नुसती चिकण माती वाळली की दगड होते. ओलावा शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचा तर वाफसा हवा. मूठभर माती दाबली की लाडू वळावा, बोटाने टोचला की फुटावा, तळहात ओला होऊ नये. पाणी एकदम न ओतता पाटीपाटीने माती भिजवून भरली. वरून ओतलेलं पाणी अस्तरावर जाऊन साचतं, तळ कुजतो आणि वर मात्र माती कोरडीच राहते.

डाव्या कोपऱ्यात अंडी घालण्याची जागा : ७० लिटरचा प्लॅस्टिकचा पिंप, तोंड मातीच्या पातळीला, आत तीच माती गच्च दाबलेली. पिंपाला बाहेरून २५ वॅटची हीटिंग केबल गुंडाळली, तिच्यावर थर्माकोलचं आवरण, मग बाजूची माती. थर्मोस्टॅट २९.५ अंशांवर. नर अजून दुसऱ्या खोलीत आहे आणि अंड्यांची जागा तयार आहे, हा क्रम मुद्दाम ठेवला. मारामारीत माद्या जखमी होतात, पण जिवानिशी जातात त्या बहुतेक करून अंडी पोटात अडकून. पसंतीची जागा मिळाली नाही तर घोरपड अंडी धरून ठेवते, आणि धरून ठेवलेली अंडी तिला मारतात. महिन्याभरात जागा करू म्हणत ज्यांनी जोड लावली, त्यांच्यावर ही पाळी येते.

लपायला दोन ‘रेटीस स्टॅक’. ४० × ४० सेंमीच्या प्लायच्या सहा फळ्या एकावर एक, मध्ये अडीच सेंमीच्या पट्ट्या. दिवा सगळ्यात वरच्या फळीवर. वर ६५ अंश, खाली उतरत जावं तसं ४५, ३५, २८. पाठ वरच्या फळीला घासत असेल तरच या प्राण्याला आपण लपलो आहोत असं वाटतं. रिकामी मोठी गुहा त्याच्या कामाची नाही.

दिवे ५० वॅटचे हॅलोजन फ्लड, फळीपासून २२ सेंमीवर. एकच १५० वॅटचा दिवा उंच टांगला तर पृष्ठभाग तापण्याआधी पेटीतली हवा तापते आणि थंड टोक उरतच नाही. यूव्हीबीची, म्हणजे अतिनील किरणांची, टी-५ ट्यूब, बसण्याच्या जागी यूव्ही निर्देशांक ४ च्या आसपास.

१ जून

हिवाळा सुरू. प्रकाश १० तास, तापायला मिळतं रोज पाच तास, रात्री १८ अंश. खाणं पाच-सहा दिवसांतून एकदा. दोघं वेगळ्या पेट्यांत. काही जण या प्रजातीला थंडी न देताच अंडी मिळवतात, ते होतं. पण मादीला वर्षातून एक सक्तीची विश्रांती मिळते, एवढ्यासाठी आम्ही ती देतो.

१६ जुलै

प्रकाश दोन दिवसांत १० वरून १३ तासांवर, दिवे दिवसभर. एक दिवसाआड सकाळी फवारणी. मादीला रोज खाणं : रातकिडे आणि वूडी झुरळं, प्रत्येक वेळी कॅल्शियम पावडर लावून, जीवनसत्त्वं आठवड्यातून एकदा, उंदराचं केस न आलेलं पिल्लू आठवड्याला एकच. उंदरांचा मारा केला तर मादी अंड्यावर येण्याऐवजी पोटात चरबीच्या लाद्या साठवते आणि बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं.

५ ऑगस्ट

दोघं एकाच पेटीत, मध्ये पार्टिशन. आडपडदा छिद्रं पाडलेल्या पीव्हीसी शीटचा. तारेच्या जाळीत नखं अडकून उपटली जातात. शीट मातीतून खाली तळाच्या अस्तरापर्यंत नेली आहे. नुसती मातीवर टेकवली असती तर एका रात्रीत खालून बोगदा झाला असता. दर दोन दिवसांनी एकाचं लाकूड दुसऱ्याकडे टाकायचं. नर त्यावर मिनिटभर जीभ फिरवत राहतो. मादी हुंगते आणि निघून जाते.

१९ ऑगस्ट

पार्टिशन काढलं, सकाळी साडेदहाला. दोघंही तापून, खाऊन झालेले. थंड प्राण्यांची गाठ कधी घालू नये : मादीला पळता येत नाही आणि नराला अंदाज येत नाही.

पहिली वीस मिनिटं ठीक. मग नराने पाठलाग धरला. नुसता पाठलाग असता तर थांबलो असतो, पण तो तिला चाटत नव्हता. नर माजावर असेल तर जीभ सतत बाहेर, मान झटक्याझटक्याने हलते, तो मादीच्या मानेवर, कुशीवर, शेपटीच्या मुळाशी चाटतो आणि पुढच्या पंजाने पाठ खरवडतो. इथे त्यातलं काही नाही. अंग आडवं चपटं केलेलं, गळा फुगवलेला, फुसकारणं. मादी स्टॅकमध्ये शिरली, नर मागोमाग शिरला, आत दोनदा आदळल्याचा आवाज आला. प्लायचा तुकडा मध्ये सरकवून वेगळं केलं. हात घालायचा नाही आणि ओढायचं तर मुळीच नाही. धरलेलं बोट किंवा शेपटी ओढल्याने तुटते, आणि घोरपडीची शेपटी पालीसारखी परत येत नाही.

नुकसान : मादीच्या मागच्या उजव्या पायाच्या चौथ्या बोटाचं नख सैल. पातळ केलेल्या पोव्हिडोन आयोडीनने धुऊन पाच दिवस कागदी टॉवेलवर.

२१ ऑगस्ट

काय चुकलं ते मोजून पाहिलं. तीन गोष्टी सापडल्या, तिन्ही आमच्या बाजूच्या.

मादीच्या बाजूच्या फळीवर टेम्परेचर गन ४८ अंश दाखवते, नराच्या बाजूला ६६. दिवा सारखाच, पण मादीकडची फळी आठ सेंमी खाली होती. म्हणजे पेटीत खरी तापायची जागा एकच होती. मादी उष्णतेकडे गेली, नराने ते घुसखोरी म्हणून घेतलं.

दोन्ही स्टॅक मागच्या भिंतीला चिकटून, त्यामुळे आत जायला आणि बाहेर यायला पुढूनच वाट. मादी पळाली ती सापळ्यात.

आणि ती तयारच नव्हती. वजन ११४, शेपटीचं मूळ सपाट, त्याच आठवड्यात कात टाकलेली. तारीख पाहून जोड लावली, मादी पाहून नाही. यात घाई आमचीच होती.

दुरुस्ती : दोन्ही फळ्या ६५ अंशांच्या आसपास आणल्या. स्टॅक भिंतीपासून १५ सेंमी पुढे ओढून चारही बाजूंनी उघडे केले. मधोमध एक जाड ओंडका आडवा, एका दिव्याखालून दुसरा दिसणार नाही असा.

३ सप्टेंबर

मादी आठवडाभर हावरटासारखी खाते आहे. कालच्या एका बैठकीत अकरा रातकिडे खाऊन काचेपाशी आणखी मागायला आली. वजन १२१. कुशी भरल्या आहेत, पोट खाली रुंद. बीजांडकोशात पिवळा बलक भरायला लागल्याची ही खूण आम्ही धरतो. नख बरं झालं आहे. पार्टिशन पुन्हा काढलं.

नर ओंडक्यावर चढून थांबला. जीभ सेकंदाला एकदोनदा. पुढे आला तो थबकत, मान कापरी. मादी दोनदा सरकली, तिसऱ्यांदा जागेवर राहिली : पुढचे पाय अंगाशी घेतले, हनुवटी फळीला टेकवली, डोळे अर्धे मिटले. नराने मानेवरून चाटायला सुरुवात केली ती शेपटीपर्यंत. साडेतीन मिनिटं. मग ती उठून स्टॅकच्या एका बाजूने आत आणि दुसऱ्या बाजूने बाहेर गेली. तो मागे गेला, पण अंग चपटं नाही, फुसकारणं नाही. रात्री दोघं एकाच स्टॅकमध्ये, वेगळ्या मजल्यांवर. पार्टिशन परत लावलं नाही.

४ ते ८ सप्टेंबर

जोड लागली. पहिल्यांदा ४ तारखेला सकाळी ११ वाजता. नर पाठीवर, मागचा पाय तिच्या शेपटीच्या मुळावर आकडा टाकल्यासारखा. शेपटी उचलून खालून वळवली आणि एका बाजूचं लिंग आत. अठरा मिनिटं. नंतर दिवसाला दोन-तीन वेळा, कधी उजवी बाजू कधी डावी, पाचव्या दिवसापर्यंत. मानेवर दातांचे दोन ओरखडे, रक्त नाही. शेवटच्या दिवशी मादी त्याला पाहून मातीत शिरायला लागली.

९ सप्टेंबर

नर बाहेर, जुन्या पेटीत. राहू दिला तर तो तिच्या वाट्याचं खातो, बिळं उकरतो आणि अंडी घातल्यावर ती खातोही.

२२ सप्टेंबर

वजन १४१. कुशीत सुपारीएवढे उंचवटे, हात न लावता दिसतात. पोट चाचपायचं नाही. या अंड्यांना कवच कातड्यासारखं मऊ असतं आणि आतल्या आत फुटलं तर शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर नाही. तीन दिवस खाणं कमी, आज काहीच नाही. दिवसभर पोट फळीवर टाकून बसते.

२७ सप्टेंबर

पहिला खड्डा पिंपात, २५ सेंमी खोल. उकरून, डोकं आत घालून पाहिलं आणि सोडून दिला. संध्याकाळी दुसरा, स्टॅकखाली. रात्री तिसरा, पुन्हा पिंपात.

चाचणीचे एक-दोन खड्डे नेहमीचेच. पण एकाच जागी परत येऊन सोडून देणं म्हणजे जागा हवी आहे, आणि तिच्यात काहीतरी खटकतं आहे. थर्मोस्टॅट २९.५ दाखवत होता. लांब दांडीचा थर्मामीटर पिंपाच्या मध्यात २५ सेंमी खाली घातला : २४.२.

थर्मोस्टॅटचा प्रोब, म्हणजे तापमान मोजणारं टोक, पिंपाच्या भिंतीला चिकटवलेला होता, केबलच्या लगत. भिंत तापली की केबल बंद. मधली माती कधी तापलीच नाही. मे महिन्यात बांधताना प्रोब तिथे लावणं सोपं गेलं म्हणून लावला आणि नंतर मध्यात मोजून कुणी पाहिलं नाही. मादीने जिभेने आणि हनुवटीने जे एका खड्ड्यात ओळखलं ते आम्ही चार महिने ओळखलं नाही.

प्रोब मध्यात, २५ सेंमी खोल हलवला. केबल कमी वॅटची असल्याने भिंतीला ३३ च्या वर जात नाही, हे वेगळ्या थर्मामीटरने दर दोन तासांनी तपासलं. मातीला तापायला वेळ लागतो. घाईने केबल वाढवली तर भिंतीलगतचा ओलावा आधी उडेल. वर कोमट पाणी लिटरभर, झारीने.

३० सप्टेंबर

मध्यात २९.१. मादी सुस्त नाही, डोळे उघडे, हाक लागेल अशी सावध. पशुवैद्यांशी बोलून ठेवलं : जोड लागल्यापासून ३५ दिवस उलटले किंवा त्याआधी ती तापायला येईनाशी झाली, तर थेट एक्स-रे.

२ ऑक्टोबर

पहाटेपासून पिंपात. दुपारी दीडला फक्त शेपटीचं टोक दिसत होतं. साडेचारला बाहेर आली, नाकाने माती लोटत खड्डा बुजवला, वरून छाती दाबून सपाट केला. खड्डा होता हे कळू नये इतका. पोट आत गेलेलं, कुशीला लांब घड्या. वजन १०३. पहिल्या जोडीपासून २८ वा दिवस.

एक तास थांबून चमच्याने उकरलं. ३१ सेंमीवर आठ अंडी, ओंजळभर जागेत, एकमेकांना चिकटलेली. वेगळी करायचा हट्ट केला नाही. उचलण्याआधी प्रत्येकाच्या वरच्या बाजूला मऊ पेन्सिलने टिंब. उबवणी संपेपर्यंत टिंब वरच राहिलं पाहिजे. सात अंडी पांढरी, टणक, प्रत्येकी ३.५ ते ३.९ ग्रॅम. एक पिवळट, बारीक, हाताला लिबलिबीत. ते बाजूला काढलं.

डब्यात व्हर्मिक्युलाइट (ओलावा धरून ठेवणारं हलकं खनिज) १०० ग्रॅम, पाणी ९० ग्रॅम, नीट कालवून. अंडी निम्मी पुरलेली. झाकण लावून डब्याचं एकूण वजन ४१२ ग्रॅम, ते झाकणावरच लिहिलं. दर आठवड्याला तोलायचं आणि जेवढे ग्रॅम घटले तेवढं कोमट पाणी कडेने सोडायचं, अंड्यांवर नाही. इन्क्युबेटर २९.५ अंश. तापमानाने नर-मादी ठरत नाही. या प्रजातीत ते गुणसूत्रांवर ठरतं.

३ ऑक्टोबर

मादीने सकाळी आठ रातकिडे खाल्ले. पुढचे तीन आठवडे रोज खाणं, कॅल्शियम दुप्पट वेळा. ती चार-सहा आठवड्यांत पुन्हा अंड्यावर येऊ शकते, नर नसतानाही. म्हणून पिंपाची केबल चालूच.

१६ ऑक्टोबर

अंधारात टॉर्चवर धरून पाहिलं, टिंब वर ठेवूनच. सहांत लाल शिरांचं जाळं. सातव्यात नुसता पिवळा उजेड. ते चांगल्या अंड्याला चिकटलेलं आहे, ओढलं तर दोन्ही फाटतील, म्हणून तसंच ठेवलं.

८ नोव्हेंबर

सातव्यावर हिरवट बुरशी. कापसाच्या बोळ्याने पुसून कोरड्या व्हर्मिक्युलाइटची चिमूट लावली. शेजारचं अंडं टणक आहे. जिवंत अंड्यावर बुरशी सहसा चढत नाही. चढली तर आधी ओलावा तपासावा. झाकणाच्या आत थेंब लोंबत होते, आठवडाभर पाणी घातलं नाही.

मादी १२४ ग्रॅम, दुसऱ्या खेपेची लक्षणं नाहीत. दिव्यांचे तास एक-एक करून कमी करायला घेतले.

८ जानेवारी २०२४

९८ वा दिवस. परवापासून दोन अंड्यांवर घामासारखे थेंब, वरून खळगे. सकाळी एकाला चीर, चिरेतून नाक. बाहेर ओढायचं नाही. पिल्लू चिरेत डोकं ठेवून वीस-वीस तास बसतं. तेवढ्या वेळात बलक पोटात ओढला जातो.

११ जानेवारी

पाच पिल्लं बाहेर, लांबी १३ ते १४.५ सेंमी, वजन २.७ ते ३.१ ग्रॅम. शेपटीवर काटे आत्ताच हाताला लागतात. सहावं अंडं उघडलं तर आत पूर्ण वाढलेलं, मेलेलं. बुरशीच्या अंड्याला चिकटलेलं होतं ते हेच.

पिल्लं ओल्या कागदी टॉवेलवर, पोटाची बेंबी मिटेपर्यंत. मग १० सेंमी मातीची छोटी पेटी, तापायला सालीचा तुकडा, पृष्ठभाग ५५ अंश. पाणी पसरट बशीत, नखभर खोल.

१५ जानेवारी

चार पिल्लांनी पिटुकले रातकिडे खाल्ले, डोक्याच्या निम्म्या रुंदीचे. पाचवं इतरांना पाहून सालीखाली जातं. त्याला वेगळ्या डब्यात काढलं. मादी १२९ ग्रॅम. पिंपातली माती उकरून वाळत घातली आहे. नवी भरताना प्रोब आधी मध्यात, केबल नंतर.